अभिनय न येणाऱ्यांचा सिनेमा

चार्ली अहर्न यांच्या ‘वाइल्ड स्टाइल’मधली माणसं बोलायला लागली की अवघडतात. वाक्य पाठ केलेलं आहे हे कळतं, हातांचं काय करावं ते सुचत नाही, समोरच्याचं बोलणं संपायची वाट पाहत ती उभी राहतात. तीच माणसं स्प्रेचा डबा, माइक किंवा रेकॉर्ड हातात घेतात आणि पडद्यावरून नजर हलत नाही. हिप-हॉपवर पुढे कितीतरी सफाईदार चित्रपट निघाले. १९८३ साली आलेल्या या चित्रपटाचा खरेपणा मला अजून दुसरीकडे सापडलेला नाही.

न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉन्क्समध्ये जे चाललं होतं, ते करणाऱ्यांनाच अहर्न यांनी कॅमेऱ्यासमोर आणलं. नायक झोरो रात्री यार्डात शिरून गाडीचे डबे रंगवतो. ही भूमिका करणारा ली किनोनेस सबवेचे डबे रंगवूनच नावारूपाला आला होता. रोझ झालेली लेडी पिंक ही मुलांच्या या दुनियेत जिद्दीने जागा मिळवलेली चित्रकार. फॅब फाइव्ह फ्रेडी भूमिका करतोच, शिवाय ब्लाँडी बँडच्या ख्रिस स्टाइनबरोबर त्याने चित्रपटासाठी नवे ताल ध्वनिमुद्रित करून घेतले आणि त्यांच्या रेकॉर्डी डीजेंच्या हाती दिल्या.

ग्रँडमास्टर फ्लॅशचा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. फ्लॅश एका स्वयंपाकघरात उभा आहे. समोर दोन टर्नटेबल, मध्ये मिक्सर. गाण्यात बाकीची वाद्यं थांबून नुसते ड्रम वाजतात, त्या काही सेकंदांच्या तुकड्याला ब्रेक म्हणतात. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घ्यायच्या, एकीवरचा ब्रेक संपता संपता दुसरीवरचा सुरू करायचा आणि तेवढ्या वेळात पहिली बोटाने उलटी फिरवून जागेवर आणायची, ही फ्लॅशची कारागिरी. दिग्दर्शक आपल्याला यातलं काही समजावून सांगत नाही. कॅमेरा हातांपाशी थांबतो आणि आपण एका माणसाचा रियाज पाहत राहतो. गर्दी नाही, टाळ्या नाहीत. हिप-हॉप म्हणजे नुसती ऐट असं समजणाऱ्याला मी आधी हा प्रसंग दाखवीन.

बास्केटबॉलच्या मैदानावर कोल्ड क्रश ब्रदर्स आणि फँटॅस्टिक फाइव्ह एकमेकांना यमकांत आव्हान देतात, तिथे ग्रँडमास्टर कॅझ दिसतो. १९७९ साली ‘रॅपर्स डिलाइट’ हे गाणं जगभर गाजलं. त्यातल्या काही ओळी कॅझच्या होत्या, दुसऱ्याने म्हटलेल्या, आणि श्रेय कॅझला मिळालं नाही. हे ठाऊक असलं की मैदानातल्या कॅझकडे पाहताना पोटात तुटतं. इथे निदान त्याचे शब्द त्याच्याच तोंडी आहेत.

कथा बेताचीच. पण झोरोचं कोडं खरं आहे: लपून काढलेलं चित्र पैसे घेऊन उजेडात काढलं तर ते आपलं राहतं का? ईस्ट रिव्हर पार्कमधल्या खुल्या रंगमंचाची भिंत रंगवायचं काम त्याला मिळतं. तो आधी स्वतःचं एकटेपण रंगवायला घेतो. रोझ त्याला सांगते की खरे नायक इथे गाणारे आहेत. तो चित्र बदलतो. आता भिंत मंचावरच्या माणसांना पाठबळ देते, आणि मग ते सगळे गातात, नाचतात. एवढ्या प्रसंगात अहर्न यांनी या कलेचा सामुदायिक स्वभाव पकडला आहे.

‘एट माइल’मध्ये (२००२) एमिनेमच्या आयुष्याचे धागे घट्ट पटकथेत विणले आहेत. झोया अख्तरच्या ‘गली बॉय’मध्ये (२०१९) नेझी आणि डिव्हाइन या मुंबईच्या रॅपर्सचा प्रवास रणवीर सिंगच्या मुरादमध्ये मिसळतो, आणि कसलेला नट तो मनापासून निभावतो. दोन्ही मला आवडतात. पण तिथे खरेपणा कमावलेला आहे, इथे तो आयता हजर होता; अहर्न यांनी त्याला धक्का लावला नाही, हे त्यांचं मोठेपण.

संवादांबद्दल सुरुवातीला जे लिहिलं, त्याला एक अपवाद करायला हवा. सैन्यातून परतलेला भाऊ झोरोला झापतो: पोरखेळ पुरे, माणूस हो, इथे तुझ्यासाठी काही नाही. झोरो खोलीच्या रंगवलेल्या भिंतींकडे हात करतो. बोलणं इथेही ओबडधोबडच, पण घराघरात झालेलं. पुढे १९९४ साली क्वीन्सच्या नासने ‘इलमॅटिक’ हा आपला पहिला अल्बम काढला, तेव्हा अगदी सुरुवातीला त्याने भावांचं हे भांडण चित्रपटातून उचलून जसंच्या तसं ठेवलं.