अकरा गड्यांचा हट्ट

दिवाळी अंकात परीक्षण यावे ते कादंबरीचे, नाटकाचे, फार तर एखाद्या चित्रपटाचे, असा आपल्याकडचा शिष्टसंमत प्रघात आहे. मी आज परीक्षण करणार आहे ते एका खेळाचे; आणि तोही मैदानावरचा नव्हे, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळायचा. त्यातून खेळ अमेरिकेचा आणि परीक्षक वर्धेच्या काठी कौंडण्यपुरात राहणारा, पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला मास्तर. हा अव्यापारेषु व्यापार कशासाठी, असे कोणी विचारले तर दोन कारणे सांगतो. ज्या वस्तूपुढे घरातली मुले रोज तास-दोन तास बसतात, तिच्याविषयी वडीलधाऱ्यांनी 'डोळे बिघडतील' यापलीकडे काही बोलूच नये, हे मला पटत नाही. पुस्तक न वाचता अभिप्राय देणाऱ्याला आपण हसतो. मग खेळ न खेळता त्याला नावे ठेवणाऱ्याला कोणता न्याय लावायचा? दुसरे कारण असे की हा खेळ मी खेळलो आहे. बहुतेक वेळा हरलो आहे.

माझा नातू न्यू जर्सीत वाढतो आहे. २०२४ च्या नाताळच्या सुटीत तो आला तेव्हा कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून त्याने आपले यंत्र आणले होते. खेळाचे नाव 'मॅडन एन. एफ. एल. २५'. पहिल्याच संध्याकाळी शेजारचे पाटील दारातून डोकावले. तरुणपणी ते हुतुतूचे नावाजलेले गडी. "हे काय खेळून रायले जी गुरुजी?" म्हणाले. थोडा वेळ उभ्यानेच पाहिले आणि निकाल दिला, "हे तं हुतुतूच झाली. फक्त डोक्यावर मडकी घातली!"

पाटलांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले, त्यांत हुतुतूही होती. त्या मुलखातल्या माणसाला परका खेळ समजून घेणे फार जड जाऊ नये. अमेरिकन फुटबॉल म्हणजे थोडक्यात असे: शंभर यार्डांचे मैदान, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, आणि नारळासारखा लांबट चेंडू. तो पायापेक्षा हातानेच अधिक खेळतात, तेव्हा नावावर जाऊ नये. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यात दहा यार्ड पुढे सरकले तर पुन्हा नवे चार प्रयत्न. नाही सरकले तर चेंडू दुसऱ्याचा. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण. आणि खरी गंमत अशी की प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो, दोन्ही पक्ष मनात डाव आखतात, आणि मग चार-पाच सेकंदांची धुमश्चक्री उडते. अर्धी हुतुतू आणि अर्धे बुद्धिबळ, असे मी त्याचे वर्णन करीन.

या खेळाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. जॉन मॅडन हे ओकलंड रेडर्स या संघाचे प्रशिक्षक होते. १९७७ च्या जानेवारीत त्यांच्या संघाने 'सुपर बोल' जिंकला. पुढे ते दूरचित्रवाणीवर समालोचन करू लागले आणि घराघरांत पोचले. विमानात बसणे त्यांनी सोडले होते. एवढ्या मोठ्या देशात ते आगगाडीने फिरत. १९८२ साली 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स' ही कंपनी काढणारे ट्रिप हॉकिन्स १९८४ मध्ये त्यांना भेटले ते अशाच एका प्रवासात, डेन्व्हरहून ओकलंडला जाणाऱ्या गाडीत. संगणकावर फुटबॉलचा खेळ तयार करू, नाव तुमचे द्या, असा प्रस्ताव होता. अडचण एकच होती. त्या काळच्या संगणकांची कुवत इतकी तोकडी, की पडद्यावर एका बाजूला सहा-सात गड्यांहून अधिक मावत नव्हते. मॅडन अडून बसले. फुटबॉल अकरा जणांचा आहे. अकरा नसतील तर त्याला माझे नाव लावू नका. कंपनीला वाट पाहावी लागली. पहिली आवृत्ती बाजारात आली ती १९८८ मध्ये, म्हणजे आगगाडीतल्या त्या भेटीनंतर चार वर्षांनी. आणि तीत अकरा गडी होते.

मॅडन यांचा हा हट्ट वाचकांनी ध्यानात ठेवावा. एखाद्या कृतीचे मोजमाप बाहेरच्या फूटपट्टीने करण्यापेक्षा तिच्या जन्मदात्यानेच घालून दिलेल्या मापाने करावे, हे टीकाकाराला अधिक शोभते.

प्रथम गुण. या खेळाचा सर्वांत मोठा गुण हा की तो शिकवतो. चढाईपूर्वी पडद्यावर डावांचे नकाशे येतात. कोणता गडी कोठे धावणार ते बाणांनी दाखवलेले असते. आपण एक निवडायचा. समोरचा पक्ष काय करील याचा अंदाज बांधायचा. जुन्या आवृत्त्यांत तर नवशिक्याला 'मॅडनला विचारा' अशी सोय होती; गुरुजींनी पाठीमागून उत्तर सुचवावे तशी. आठ दिवसांत मला, ज्याने आयुष्यात हा खेळ मैदानावर पाहिला नाही त्याला, बचावातले दोष दिसू लागले. एकदा चौथ्या प्रयत्नाला दोनच यार्ड उरले होते. नातू म्हणाला, "आबाजी, लाथ मारून लांब पाठवा, तेच शहाणपण." मी वऱ्हाडी माणूस, दोन यार्डांसाठी माघार कसली घेणार? घुसलो, अडलो, आणि पुढच्या मिनिटात सहा गुण गमावले. चेंडू हातात असताना धरून बसण्यापेक्षा तो योग्य जागी सोडून देणे कधी कधी शहाणपणाचे असते, ही गोष्ट मला सत्तरी ओलांडल्यावर एका तेरा वर्षांच्या मुलाने शिकवली. जो खेळ एवढे शिकवतो, त्याला नुसता वेळेचा अपव्यय म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसरा गुण 'फ्रँचायझी' या विभागाचा. मी त्याला संसार म्हणतो. एक संघ हाती घ्यायचा आणि वर्षानुवर्षे चालवायचा: तरुण गडी निवडायचे, पगाराची मर्यादा सांभाळायची, म्हाताऱ्यांना निरोप द्यायचा. आम्ही जेट्‌स हा संघ घेतला. नाव न्यूयॉर्कचे, मैदान मात्र न्यू जर्सीत; जसे मुंबईच्या बहुतेक गाड्यांसाठी अमरावतीकराला बडनेरा गाठावे लागते तसे. या संघाने सुपर बोल जिंकला तो १९६९ च्या जानेवारीत, आणि त्यानंतर कधीच नाही. अशा पडत्या घराचा संसार उभा करण्यात आजोबा-नातवाचे पंधरा दिवस कसे गेले ते कळले नाही. जाताना आमचा तिसरा मोसम अर्ध्यावर आला होता. मग तो तिकडे खेळायचा आणि रविवारी सकाळी मला दूरध्वनीवरून विचारायचा, अमुक गडी ठेवू की सोडू?

तिसरा गुण सहसा कोणी सांगत नाही. १९९० पासून जवळजवळ दरसाल एक आवृत्ती निघत आल्यामुळे या मालिकेत एका समाजाच्या समजुतींचा इतिहास साठला आहे. आमच्या गावच्या प्राचीन टेकडीचे मोरेश्वर दीक्षित यांनी १९६० नंतरच्या दशकात उत्खनन केले, तेव्हा जुन्या वस्तीचे थरावर थर उघडे पडले. तसाच हा प्रकार. '९२' क्रमांकाच्या आवृत्तीत जखमी गड्याला न्यायला रुग्णवाहिका भरधाव येते आणि वाटेतल्या इतर गड्यांनाच उडवते. तेव्हा तो विनोद होता. २०११ साली आलेल्या आवृत्तीत डोक्याला मार बसलेला गडी त्या सामन्यात पुन्हा उतरू शकत नाही. मधल्या वीस वर्षांत मेंदूच्या दुखापतीची भीषणता त्या देशाला उमगली होती. मुलांच्या खेळण्याने तिची नोंद घ्यावी, ही लहान गोष्ट नव्हे.

आता दोष. ते सांगताना हात आखडता घेणार नाही, कारण किंमत सत्तर डॉलर आहे आणि ती दरसाल मोजावी लागते.

दरसाल निघणाऱ्या वस्तू आपल्याला नव्या नाहीत. पंचांग दरसाल नवे घ्यावे लागते, कारण आकाशातले ग्रह खरोखरच हललेले असतात. दिवाळी अंक दरसाल निघतो, पण त्यातला मजकूर नवा असावा अशी संपादकाकडून अपेक्षा असते. गेल्या वर्षीच्याच कथा नव्या मुखपृष्ठात बांधून दिल्या तर वर्गणीदार त्याला सोडणार नाहीत. मॅडनच्या खेळाची नेमकी हीच तक्रार त्याचे जुने चाहते करीत आले आहेत. कोणता गडी कोणत्या संघात गेला, ही यादी बदलते. मुखपृष्ठावरचा चेहरा बदलतो. आतला खेळ पुष्कळदा जेमतेम हललेला असतो. म्हणजे पंचांगाचा मजकूर आणि ग्रंथाची किंमत. आकड्यांचा गोंधळ तर असा की '२५' हा अंक दोनदा येऊन गेला: एकदा २०१३ मध्ये रौप्यमहोत्सव म्हणून, आणि पुन्हा २०२४ मध्ये सालाचा आकडा म्हणून.

हे कसे चालते? उत्तर २००४ या सालात आहे. त्या वर्षी सेगा कंपनीने एक प्रतिस्पर्धी फुटबॉल खेळ अवघ्या वीस डॉलरांत विकायला काढला. खेळ उत्तम होता. चाहते त्याचे नाव आजही प्रेमाने काढतात. मॅडनलाही तेव्हा आपली किंमत उतरवावी लागली. पण त्याच डिसेंबरात नॅशनल फुटबॉल लीगने आपले संघ आणि खेळाडूंच्या संघटनेने त्यांची नावे, यांचा अशा खेळांत वापर करण्याचा हक्क एकट्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सला दिला. स्पर्धा संपली. दोष घेणाऱ्याचा तितकाच देणाऱ्याचा. काही ग्राहक मक्तेदारीविरुद्ध न्यायालयात गेले, आणि २०१२ मध्ये कंपनीने २ कोटी ७० लाख डॉलरांवर तडजोड केली. पण गावात एकच दुकान राहिले की दुकानदाराचा हात कसा सैल पडतो, हे वऱ्हाडातल्या कापूस पिकवणाऱ्याला समजावून सांगायला नको.

याहून मोठा दोष 'अल्टिमेट टीम' या विभागाचा. येथे गडी म्हणजे पत्ते. पत्त्यांच्या बंद पुड्या मिळतात. खेळून मिळवाव्यात किंवा खऱ्या पैशाने घ्याव्यात. आत कोण निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. जत्रेत चक्री फिरवून बक्षीस देणारा आणि हा, यांत मला फारसा फरक दिसला नाही. याच कंपनीच्या सॉकरच्या खेळातील अशा पुड्यांना बेल्जियममध्ये २०१८ साली जुगाराच्या सदरात घातले गेले, आणि पुढल्या वर्षी तिने तिथली ती विक्री थांबवली. त्याहून खेदाची गोष्ट ही की ऑगस्टात नवी आवृत्ती आली की जमवलेले पत्ते जुन्या आवृत्तीतच राहतात. नव्या घरात सगळे शून्यापासून. जिथून हा पैसा येतो तिकडेच कारागिरांचे लक्ष जाणार. संसाराचा विभाग उपेक्षित राहिला तो राहिलाच. २०२० मध्ये चाहत्यांनी त्यासाठी मोठा गलका केला, तेव्हा कुठे कंपनीने सुधारणांचे आश्वासन दिले. ते अगदी कोरडे ठरले नाही, हेही सांगितले पाहिजे: २०२५ च्या '२६' क्रमांकाच्या आवृत्तीत प्रशिक्षकांना आपापली धाटणी मिळाली आहे आणि गड्यांच्या शरीराची झीज साठत जाते. चाहत्यांनी बोलल्याचा उपयोग झाला. न बोलता विकत घेत राहिले असते तर झाला नसता.

आमच्या गावाहून रुक्मिणीमातेची पालखी दरसाल आषाढीला पंढरपूरला जाते. चारशेहून अधिक वर्षांची ही परंपरा सांगितली जाते. तीच वाट, तेच मुक्काम. तरी 'यंदा नवे काय?' असे कोणी विचारीत नाही. कारण पालखी गेल्या वर्षीची वारी रद्द करीत नाही. तिच्यात भर घालते. या खेळाचे दरसालपण नेमके उलटे आहे. त्याला नवे व्हायचे असते, पण त्यासाठी तो खेळणाऱ्याचे जुने काढून घेतो. आणि नवे म्हणून जे देतो ते तयार झाले आहे की नाही हे पाहायला त्याला सवड नसते. तारीख ठरलेली असते.

येथेच मला मॅडन यांची फूटपट्टी आठवते. ते २०२१ च्या डिसेंबरात वारले. ज्या माणसाने पाच गडी कमी पडतात म्हणून चार वर्षे खेळ निघू दिला नाही, त्याच्याच नावावर आता वर्षभरही न थांबणारा कारखाना चालतो. खेळ वाईट नाही; चांगल्या खेळाला पिकायला वेळ मिळत नाही, एवढेच माझे म्हणणे. एक साल रिकामे गेले, यादी तेवढी थोड्या पैशांत बदलून दिली आणि दुसऱ्या साली जीव ओतून नवा खेळ काढला, तर कोणाचे काय बिघडेल?

नव्या आवृत्तीची जाहिरात झाली तेव्हा २०२५ च्या ऑगस्टात नातवाचा दूरध्वनी आला. मी समजलो, आजोबांनी बापाकडे शब्द टाकावा असा बेत असेल. तो म्हणाला, "आबाजी, आपली टीम नव्या गेममध्ये नेता येत नाही. मी विचारून पाहिलं."

"मग?"

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "आपला तिसरा सीझन अजून संपला नाही ना. तो संपवू. नवा पुढच्या वर्षी पाहू."

मी त्याला शाबासकी दिली नाही. मास्तरकीची ती खोड मी मुद्दाम आवरली. आमच्या म्हाताऱ्या क्वार्टरबॅकला ठेवायचे की सोडायचे, एवढेच विचारले. त्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.