मताधिकाराचा विस्तार आणि नगरपरिषदा

एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ साली मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणले. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने १९९३ पासून नगरपरिषदांना पाच वर्षांची मुदत व स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा दिल्या. बल्लारपूरसारख्या कागदगिरणी व कोळसाखाणींच्या नगरीत तरुण मजुराचे मत व कष्टकरी स्त्रीचे सभागृहातील स्थान यांना त्यामुळे घटनेचा आधार लाभला, हे निर्विवाद होय. तथापि मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा प्रश्न त्याच दुरुस्तीने राज्यांच्या इच्छेवर सोडला. त्यावरील न्यायालयीन वादात महाराष्ट्रातील बहुसंख्य नगरपरिषदांवर प्रशासक आले आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचा घटनेचा दंडक असूनही मतदान डिसेंबर २०२५ पर्यंत लांबले. म्हणून अधिकाराच्या विस्ताराचे मूल्यमापन केवळ मतदारसंख्येवरून करता येत नाही. तो अधिकार नियत काळी बजावता येतो किंवा नाही, हीच त्याची खरी कसोटी होय.