घोट्यातली सोयरीक

देवमाशाच्या कुळाचा दाखला त्याच्या घोट्यात सापडावा, यातच केवढी मौज आहे! आजच्या देवमाशाला मुळात मागचे पायच उरलेले नाहीत. पण सुमारे 4 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचे त्याचे पूर्वज चार पायांचे होते आणि त्यांच्या घोट्याची, मुठीत मावतील अशी हाडे पाकिस्तानातल्या खडकांतून मिळाल्याचे 2001 साली जाहीर झाले.

आपण त्यातले एक हाड सावकाश न्याहाळू या. वरच्या टोकाला विहिरीवरच्या कप्पीसारखी खोबण आहे; ती पुष्कळ सस्तन प्राण्यांत असते, म्हणून नात्याविषयी ती काहीच सांगत नाही. आता खालचे टोक पाहा: तिथेही तशीच दुसरी कप्पी! ही जोडकप्पी शेळी, हरीण, डुक्कर, उंट, पाणघोडा अशा समखुरी प्राण्यांचीच मिरास. सर्वांकडे असलेले जुने धन बाजूला ठेवावे आणि मोजक्यांनाच लाभलेल्या नव्या लेण्यावरून गोत ओळखावे, ही विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने 1950 साली मांडलेली दृष्टी या एका हाडात किती लख्ख उतरली आहे!

त्याआधी दातांच्या साम्यावरून देवमाशाचे नाते मेसोनिकिड या नामशेष मांसाहारी कुळाशी जोडले जात होते. पण दात मोठे मायावी. आहार सारखा असला की परक्या कुळांतही ते सारखे घडतात. रेणूंची साक्ष मात्र वेगळीच होती. जनुकसंचात कधीकाळी आगंतुकासारखे शिरलेले काही तुकडे देवमाशात आणि पाणघोड्यात नेमक्या त्याच जागी बसलेले जपानी संशोधकांना 1999 साली आढळले होते. ज्या तुकड्यांचा प्राण्याला काही उपयोग दिसत नाही, त्यांनीच इतकी भरवशाची ग्वाही द्यावी, हे मला विलक्षण लोभस वाटते.

आणि कान? भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट परिसरातून जमवलेल्या दगडांतली एक कवटी पुढे प्रयोगशाळेत चुकून फुटली, तेव्हा इंडोहायस या चिमुकल्या खुरवाल्या प्राण्याच्या कर्णास्थीची आतली भिंत दिसली: देवमाशांचेच खास लक्षण समजली जाणारी, तशीच जाड! 2007 साली ते प्रसिद्ध झाले.

एवढ्या बारकाव्यांतून उभा राहिलेला वंशवृक्ष आपल्या डोळ्यांना मात्र भलताच विक्षिप्त वाटतो. त्यात पाणघोड्याचा सर्वांत जवळचा हयात सोयरा डुक्कर नाही, देवमासा आहे. आणि आपल्या गोठ्यातली गाय उंटापेक्षाही देवमाशाच्याच अधिक जवळची आहे.