सिनायचा मठ : जोडे काढून पाहावयाची कला

धर्मकलेकडे निव्वळ कला म्हणून पाहावे की उपासनेचे अंग म्हणून, हा वाद जुना आहे. इजिप्तमधील सिनाय पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या संत कॅथरिनच्या ऑर्थोडॉक्स मठाचा इतिहास वाचताना या वादाचा निर्णय करणे भाग पडते, असे आम्हांस वाटते.

मोशेने जळते झुडूप पाहिले ते स्थळ हेच, अशी परंपरा आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया ही यात्रेकरू स्त्री येथे आली, तेव्हा संन्यासी येथे राहतच होते. पुढे सम्राट जस्टिनियनने तटबंदी व चर्च उभारले. छताच्या तुळयांवरील लेखांत सम्राट हयात, तर सम्राज्ञी थिओडोरा दिवंगत असल्याचे दिसते. यावरून चर्चचा काळ इ. स. ५४८ ते ५६५ असा ठरतो. त्याच तुळयांवर ऐला गावच्या स्तेफान नामक बांधकाम करणाऱ्याने स्वतःसाठी दया आणि आपल्या मृत मुलांसाठी चिरविश्रांती मागितली आहे. सम्राटाच्या वैभवाइतकेच एका पित्याचे दुःखही त्या छतात आहे.

वेदीवरील अर्धघुमटात प्रभूच्या रूपांतराचे मोझेइक आहे. मध्ये शुभ्र वस्त्रांतील ख्रिस्त, दोहों बाजूंस मोशे व एलिया, खाली पेत्र, योहान आणि याकोब. शुभवर्तमानात ज्या उंच पर्वताचा उल्लेख आहे, तो पर्वत मात्र चित्रात नाही. पार्श्वभूमी केवळ सोनेरी. काहींना ही उणीव वाटेल. आमच्या मते येथेच कलावंताची जाण दिसते. तटाबाहेर खरा पर्वत उभा असता चित्रातल्या डोंगराची गरज काय? वरच्या भिंतीवर मोशे दोनदा येतो : एकदा झुडपासमोर पायतण सोडताना, एकदा नियमशास्त्र स्वीकारताना. वेदीमागील झुडपाच्या चॅपलमध्ये यात्रेकरू आजही अनवाणीच जातात. भिंतीवरचा मोशे आणि दारात जोडे काढणारा यात्रेकरू एकच कृती करतात. संग्रहालयात हा अर्थ हरवला असता.

हा वारसा टिकला कसा? आठव्या-नवव्या शतकांत बायझंटाईन साम्राज्यात पवित्र प्रतिमांचा विध्वंस झाला, तेव्हा सिनाय मुसलमानी अंमलाखाली, साम्राज्याबाहेर होते. म्हणून मेणात रंग मिसळून रंगविलेली सहाव्या शतकातील ख्रिस्तप्रतिमा वाचली. तटाच्या आत फातिमी काळातील मशीदही आहे. परधर्मीय राजवटीत ख्रिस्ती प्रतिमा सुरक्षित राहाव्यात, हे आपण विसरू नये.

हानी झाली ती पाहुण्यांकडून. जर्मन पंडित टिशेनडॉर्फ याने १८४४ साली चौथ्या शतकातील ग्रीक बायबलची ४३ पाने लाइपझिगला नेली. १८५९ साली परत करण्याच्या लेखी हमीवर त्याने मोठा भाग घेतला; तो रशियात गेला आणि १९३३ साली सोव्हिएत सरकारने ब्रिटिश म्युझियमला एक लाख पौंडांस विकला. टिशेनडॉर्फच्या विद्वत्तेने बायबलच्या अभ्यासाची मोठी सेवा केली, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि विद्वत्तेने वचनभंगाचे समर्थन होत नाही. आज तो ग्रंथ चार ठिकाणी विखुरला आहे. १९७५ साली मठात सापडलेली काही पाने तेवढी तेथे उरली आहेत.

मे २०२५ मध्ये इजिप्तच्या न्यायालयाने जागेची मालकी सरकारची आणि मठवासीयांना केवळ वापराचा हक्क, असा निकाल दिला. पर्यटन वाढेल, भिंतीही जपल्या जातील. परंतु प्रार्थना करणारेच उपरे ठरले, तर जपलेल्या भिंतींना अर्थ कोणता उरेल?

पोप जॉन पॉल दुसरे फेब्रुवारी २००० मध्ये तेथे गेले. मठाने त्यांचे स्वागत केले. त्यांची प्रार्थना मात्र तटाबाहेरच्या बागेत झाली आणि ऑर्थोडॉक्स मठवासी तीत सामील झाले नाहीत. ख्रिस्तसभेतील दुभंगाची ही वेदना आपलीही आहे. आपल्या धर्मग्रामांतून जे पवित्र भूमीच्या यात्रेस जातील व सिनायपर्यंत पोहोचतील, त्यांनी छायाचित्रे अवश्य काढावीत. परंतु त्याआधी घटकाभर त्या तुळयांखाली उभे राहून स्तेफानच्या मुलांसाठी एक प्रार्थना म्हणावी. चौदा शतकांपूर्वी त्याने तीच मागितली होती.