अर्धावकाश : भूमितीतील संज्ञा आणि चाळीची गॅलरी

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग येथील चाळजीवनाविषयी मराठीत जे समीक्षात्मक लेखन झाले आहे, त्यात चाळीच्या गॅलरीला ‘अर्धखाजगी’ अथवा ‘अर्धसार्वजनिक’ म्हणण्याचा प्रघात रूढ आहे. या विशेषणातील ‘अर्ध’ हे पद उणीव सुचविते : गॅलरी म्हणजे पुरते घर नव्हे आणि पुरता रस्ताही नव्हे. भूमितीतील ‘अर्धावकाश’ या संज्ञेतही हेच पद आहे. तथापि तेथे त्याचा अर्थ अगदी निराळा आहे. हा भेद ध्यानात घेतल्यास चाळीच्या वाङ्मयाविषयीची काही रूढ विधाने तपासून पाहावी लागतात.

एखादे प्रतल अवकाशाचे दोन भाग करते. त्यांतील प्रत्येक भाग हा अर्धावकाश होय. अनंताचा अर्धाही अनंतच असल्यामुळे या ‘अर्धा’ला परिमाणाचा अर्थ नाही. येथे ‘अर्ध’ म्हणजे बाजू. अर्धावकाश निश्चित करण्यासाठी तीन गोष्टी सांगाव्या लागतात : सीमाप्रतल कोठे आहे, त्याची कोणती बाजू अभिप्रेत आहे, आणि सीमेवरील बिंदू आत धरावयाचे की बाहेर. सीमा धरली तर अर्धावकाश संवृत होतो. वगळली तर विवृत. शिवाय प्रत्येक अर्धावकाश बहिर्वक्र असतो, म्हणजे त्यातील कोणत्याही दोन बिंदूंना जोडणारा रेषाखंड त्याच्या बाहेर जात नाही. अनेक अर्धावकाशांच्या छेदातून बंदिस्त आकृती सिद्ध होते. चौकोनी खोली ही सहा संवृत अर्धावकाशांचा छेद आहे : चार भिंती, एक जमीन, एक छत.

हाच शब्द अन्य क्षेत्रांत गेला तेव्हा त्याचे अर्थ पालटले. रेषीय नियोजनात प्रत्येक बंधन ही एक असमता असते आणि प्रत्येक असमता एक अर्धावकाश ठरविते. तेथे भूमितीचा अर्थ कायम राहिला. इंग्रजी बांधकामशास्त्रात जिना जेथे पूर्ण उलट वळतो, तेथील दोन्ही टप्प्यांची रुंदी व्यापणाऱ्या सपाट जागेस ‘हाफ-स्पेस लँडिंग’ म्हणतात. फुटबॉलच्या डावपेचांत मैदानाचा मध्यपट्टा आणि कडेचा पट्टा यांमधील उभ्या पट्ट्यास ‘हाफ-स्पेस’ म्हणण्याची पद्धत आहे. या शेवटच्या दोन्ही जागा सर्व बाजूंनी मर्यादित आहेत. भूमितीच्या दृष्टीने त्या अर्धावकाश नव्हेत. त्यांचे ‘अर्धत्व’ दोन गोष्टींच्या मधोमध असण्यात आहे. ‘अर्धखाजगी’ म्हणताना समीक्षेच्या मनात असतो तो हाच दुसरा, मध्यस्थानाचा अर्थ.

चाळीची रचना पाहता हा अर्थ अपुरा ठरतो. गिरगावातील चौकाच्या चाळीत गॅलरीच्या एका अंगास दारांची रांग असते, दुसऱ्या अंगास कठडा व त्यापलीकडे मोकळा चौक. १९२० च्या दशकात मुंबई विकास विभागाने नायगाव, परळ (ना. म. जोशी मार्ग), वरळी आणि शिवडी येथे ज्या बी.डी.डी. चाळी उभारल्या, त्यांत मात्र इमारतीच्या मधोमध बोळ असून दोन्ही अंगांस खोल्या आहेत. ‘सामाईक जागा’ या एकाच नावाखाली दोन्ही रचना मोडतात. पण बोळ म्हणजे परस्परांसमोर असलेल्या दोन अर्धावकाशांचा छेद, एक पट्टा. गॅलरीला सीमा एकाच बाजूस आहे. कठडा माणसाला अडवितो, दृष्टीला व आवाजाला अडवीत नाही. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. अशा चाळीत उत्सवाच्या वेळी चौकाचा रंगमंच आणि गॅलऱ्यांचे प्रेक्षागृह होते. बोळाला ते साधत नाही. तात्पर्य, गॅलरी ही घर व रस्ता यांच्या मधली पातळ झालेली जागा नसून, एका बाजूस भिंत पाठीशी असलेली आणि दुसऱ्या बाजूस मोकळी अशी दिशा असलेली जागा आहे.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकातील विनोदाचे मर्म या दृष्टीने अधिक स्पष्ट होते. वजन उतरविण्यासाठी निवेदकाने केलेला उपासाचा संकल्प ही वस्तुतः एकट्याच्या देहाची बाब. पण शेजाऱ्यांच्या सल्ल्यांनी ती साऱ्या चाळीची होते. खाजगीपणाची येथे निम्म्याने घट झाली असे म्हणणे फोल आहे. खोलीच्या सहा सीमांपैकी एक काढून घेतली की उरलेला छेद अमर्याद होतो. गोष्ट दाराबाहेर गेली की तिला पुढे अडविणारे काही राहत नाही. पुस्तकातील अतिशयोक्तीला आधार आहे तो या रचनेचा. अखेरच्या चिंतनपर प्रकरणात विनोद मागे सरून चाळीच्या ऱ्हासाची जी खंत प्रकटते, तीही हरवत चाललेल्या या मोकळ्या बाजूविषयीची खंत आहे.

जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात हीच दिशा उलटी फिरते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर उद्ध्वस्त झालेले गिरणगावातील एक कामगार कुटुंब चाळीच्या खोलीत कोंडले गेले आहे. शीर्षकावरून हे ‘मध्येच लोंबकळणाऱ्या’ माणसांचे नाटक वाटते. त्याची घडण मात्र सीमा वाढत जाण्याची आहे. बंद गिरणी, बेकारी, गुन्हेगारीकडे वळलेला मुलगा, घरातील परस्परांचा संताप : प्रत्येक बंधनागणिक छेद लहान होत जातो. गणितात बंधने परस्परविरोधी असतील तर छेद रिक्त होतो, म्हणजे सर्व अटी पाळणारा एकही बिंदू उरत नाही. नाटकाची शोकात्मता अशा स्थितीची आहे. त्यातील प्रत्येक व्यक्तीच्या वागण्याला कारण आहे, परंतु सर्वांनी एकत्र जगता येईल अशी जागा उरलेली नाही.

या साम्याला मर्यादा आहेत. भूमितीतील सीमेला जाडी नसते आणि ती कोणाला पाहून आपला नियम बदलत नाही. चाळीचा उंबरठा तसा नाही. खोली देताना जात पाहिली जात होती. गॅलरीत उभे राहण्याची मोकळीक पुरुषाला व नव्या सुनेला सारखी नव्हती. एकच सीमा एकाला संवृत तर दुसऱ्याला विवृत असू शकते, ही गोष्ट गणित सांगत नाही. ती समीक्षेने सांगावयाची असते. तथापि ‘सीमा आत धरली आहे की बाहेर’ हा प्रश्न विचारण्याची सवय गणितापासून घेण्याजोगी आहे. ‘अर्धखाजगी’ या शब्दाने तो प्रश्नच झाकला जातो.

या शब्दविवेकाला आज व्यावहारिक महत्त्वही आहे. बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर दिले जात असून, २०२५ मध्ये वरळीत पहिल्या रहिवाशांना किल्ल्या मिळाल्या. स्वतंत्र शौचालय आणि दार लावून घेण्याची सोय यांचे मोल सामाईक नळावर ज्यांनी आयुष्य काढले त्यांना ठाऊक आहे. त्यावर गतकालाच्या ओढीने नाक मुरडणे अन्यायाचे होईल. पण गिरगाव-लालबागच्या गॅलरीच्या चाळींनाही हीच मोजपट्टी लावली जाते, तेव्हा चौरस फुटांत क्षेत्रफळ येते, बाजू येत नाही. ज्या समीक्षेने गॅलरीला आजवर ‘अर्धी’ जागा म्हटले, तिने नकळत या हिशेबाला दुजोरा दिला आहे. कारण अर्धी गोष्ट देऊन पूर्ण गोष्ट घेणे हा सरळ नफा वाटतो. गॅलरी अर्धी नव्हती. ती एका बाजूने उघडी होती. नव्या घराचा हिशेब मांडताना क्षेत्रफळाच्या रकान्याशेजारी या उघड्या बाजूचाही रकाना असला पाहिजे, आणि त्याला योग्य नाव देणे हे भाषेच्या व साहित्याच्या अभ्यासकांचे काम आहे.