नरक कुणाचा, तारण कुणाचं?

मराठी ख्रिस्ती वाङ्मय म्हटलं की आपल्याकडं दोनच नावं निघतात. ना. वा. टिळकांची भजनं आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे'. झालं. पण या वाङ्मयाचा गाभा वादाचा आहे. देव न्यायी आहे का, नरक कायमचा का, तारण कुणाला मिळणार, हे वाद शंभर-दीडशे वर्षं मराठी माणसांनी घातलेत. ते कुणी घातले आणि कुणाच्या पोटातनं आले, हे विचारायची जबाबदारी आपली आहे. कारण आज घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत, अंधेरी-बोरिवलीच्या चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत प्रार्थनासभा भरतात आणि आपल्याच घरातली माणसं तिथं जातात. त्यांना 'धर्म विकला' म्हणून शिव्या घालणारे कार्यकर्ते आहेत. शिवी म्हणजे समीक्षा नव्हे. मित्रहो, आधी वाचा, मग बोला.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे घ्या. काशीत वाढलेला चित्पावन पंडित. जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अंमलदारानं 1839 साली 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माचा पुरस्कार केला. गोऱ्ह्यांनी 1844-45 च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून त्याला उत्तर दिलं. त्यांचा सवाल झणझणीत आहे. माणसाला जन्म एकच आणि चार दिवसांच्या पापाला नरक मात्र कायमचा? जन्मतःच एकाच्या वाट्याला सुख, दुसऱ्याच्या वाट्याला दुःख, असं करणारा देव न्यायी कसा? पुढं 1848 साली हेच गोऱ्हे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले.

सवाल बरोबर आहे. पण शास्त्रीबुवांचं उत्तर काय? कर्म आणि पुनर्जन्म. दुःख देव देत नाही, ज्याचं त्यानं मागल्या जन्मी कमावलेलं असतं. म्हणजे ख्रिस्ती नरकातनं सुटायची जी वाट त्यांनी दाखवली ती थेट महारवाड्यात येऊन थांबते. महारानं मेलेलं ढोर ओढायचं, मांगानं दोर वळायचे, भंग्यानं मैला डोक्यावर घ्यायचा, आणि का? तर मागल्या जन्मीचं देणं फेडायचं म्हणून. देव निर्दोष सुटला आणि आपण जन्मठेपेवर गेलो. काशीच्या पंडिताला मेल्यावरचा नरक अन्यायाचा वाटला. गावकुसाबाहेरचा दिसला नाही.

आता पंडिता रमाबाई. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या जोगिणींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो 1977 साली अ. भि. शहांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं काढला. पुस्तक इंग्रजीत आहे, पण वाचाच. बाई त्रैक्याचा सिद्धांत निमूट मानत नाहीत. ख्रिस्ताचा चमत्कारिक जन्म मानायला कां-कूं करतात. आणि 1885 साली ठणकावून सांगतात की भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं घेणार नाही. जोगिणींना हा गर्व वाटला. जोतीराव फुल्यांनी मात्र त्याच 1885 साली 'सत्सार'मधनं बाईंची बाजू घेतली. 1907 च्या आत्मनिवेदनात बाईंनी स्त्रियांना आणि शूद्रांना मोक्षाचं दार कसं बंद ठेवलंय ते लिहिलं. अस्पृश्याच्या सावलीचाही विटाळ होतो, हेही लिहिलं. हा प्रामाणिकपणा मानायलाच हवा.

पण हे सांगून बाई वळतात कुठं? पापी अंतःकरणाकडं. 1905 साली केडगावच्या मुक्ति सदनात मोठं पुनरुज्जीवन झालं. पोरी रडल्या, पाप कबूल केलं, पवित्र आत्म्याचा अग्नी अनुभवला म्हणाल्या. त्यातल्या कितीतरी दुष्काळात बाईंनी मरणाच्या दारातनं उचलून आणलेल्या. बाईंचं हे काम डोंगराएवढं आहे. तरी सवाल उरतोच. उपाशी मरणाऱ्या पोरीनं कुठलं पाप केलं होतं?

बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर लिहिलं त्यात याच जागी बोट ठेवलंय. अस्पृश्य हिंदू असताना त्याला सांगितलं, तुझी अधोगती तुझ्या कर्मानं. ख्रिस्ती झाल्यावर सांगितलं, आदिपुरुषाच्या पापानं. दोन्हीकडं दोष समाजाचा नाही. मग तो समाजाशी लढेल कशाला? 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 माणसं मेली. ती कुठल्या कर्मानं मेली आणि कुठल्या आदिपापानं? ज्या तत्त्वज्ञानात या सवालाला गोळी झाडणाऱ्याचं नाव येत नाही, ते आपल्या कामाचं नाही.

म्हणून 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मधला बुद्ध मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे. तारण कुणी देत नाही, वाट चालावी लागते. मागल्या जन्मीच्या कर्माचं ओझंही बाबासाहेबांनी तिथं फेकून दिलंय. गोऱ्ह्यांचा सवाल इथं सुटतो, आणि महारवाड्याला न जुंपता सुटतो.

एवढ्यावर टाळ्या नकोत. मिशनऱ्यांनी अहमदनगर जिल्ह्यात महार-मांगांसाठी शाळा काढल्या तेव्हा पुण्याचे शास्त्री काय करत होते ते आपल्याला ठाऊक आहे. ख्रिस्ती दलिताला 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीबाहेर ठेवलं. शीख 1956 साली आत आले, बौद्ध 1990 साली. तो अजून बाहेरच आहे. त्याची जात चर्चनं घालवली नाही, सरकारनं फक्त कागदावरनं पुसली. तो आपला माणूस आहे. जोतीरावांनी तर एकाच घरात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असं प्रेमानं नांदणारं कुटुंब कल्पिलं होतं.

तेव्हा त्या खोलीत जाणाऱ्या आईला नरक नाही हे जरूर सांगा. पण ती तिथं नरकाच्या भीतीनं गेली नाही, पोराचा ताप उतरावा म्हणून गेली. पास्टर तिच्यासोबत रात्री राजावाडी हॉस्पिटलात बसतो. आपण 14 एप्रिलला वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन जातो. आपला मार्गदाता बरोबर आहे, यात शंका नाही. पण त्या वाटेवर तिच्यासोबत चालायला आपण किती जण जातो, हे शाखेच्या पुढच्या बैठकीत पहिल्यांदा विचारा.