ब्रॅडलीची रेघ

विल्यम हर्शलचा जोडताऱ्यांवरचा निबंध मी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढून वाचतो. नाव लांबलचक आणि रूक्ष आहे: गेल्या पंचवीस वर्षांत जोडताऱ्यांच्या परस्परस्थितीत पडलेल्या फरकांचा वृत्तांत आणि त्यामागच्या कारणाचा शोध. लंडनच्या रॉयल सोसायटीत ९ जून १८०३ला तो वाचला गेला. त्यात सहा जोड्या आहेत, पण जीव ओतलाय तो पहिलीवर, मिथुन राशीतल्या कॅस्टरवर. आपल्या पुनर्वसूचे जे दोन ठळक तारे, त्यांतला हा किंचित मंद, दुसरा पोलक्स.

मला हा निबंध आवडतो तो त्यातल्या एका उसनवारीसाठी. तिच्याकडे येतोच.

१७७९ साली हर्शल बाथ गावात संगीताच्या शिकवण्या करून पोट भरत होता आणि रात्री स्वतः घासलेल्या आरशाच्या सात फुटी दुर्बिणीतून जोडतारे जमवत होता. हवं होतं वेगळंच: ताऱ्यांचं अंतर. युक्ती गॅलिलिओची. एकाच दिशेला एक तारा जवळ आणि दुसरा खूप मागे असला, तर पृथ्वी सूर्याला फेरी मारताना पुढचा तारा मागच्याच्या तुलनेत किंचित हललेला दिसेल. म्हणजे जोडीतल्या दोघांचा एकमेकांशी काहीएक संबंध नसणं, ही हर्शलची गरज होती. (याच धुंडाळण्यात १७८१ला युरेनस हाती लागला. एखाद्याला तेवढंच पुरलं असतं.)

१७८२च्या पहिल्या यादीत २६९ जोड्या आहेत. तिथला शब्दांचा कंजूषपणा बघण्यासारखा आहे. साथीदार, उपग्रह असलं काही म्हणायचं त्यानं टाळलं आणि नुसतं जोडतारा म्हटलं. एक तारा दुसऱ्याभोवती फिरतो असं बोलायला अजून फार लवकर आहे, हे कारणही देऊन टाकलं. मराठीत आपण जोडतारा आणि द्वैती तारा असा भेद करतो. पहिला नुसता डोळ्यांना जोड, दुसरा गुरुत्वाकर्षणानं बांधलेला. हर्शल पहिल्या शब्दावर वीस वर्षं थांबला. आणि तेही, जॉन मिशेल या इंग्रज पाद्र्यानं १७६७लाच संभाव्यतेच्या गणितानं, एवढे तारे एवढे जवळजवळ नुसत्या योगायोगानं दिसणार नाहीत, असं मांडलेलं असताना.

मोजमापाची त्याची एक तऱ्हा तर घरगुती म्हणावी अशी. दोन दिवे झाकायचे, प्रत्येकापुढे टाचणीनं पाडलेलं भोक. ते सुमारे दहा फुटांवर ठेवायचे. एक डोळा दुर्बिणीला, दुसरा उघडा, दिव्यांकडे. लांब दांड्यांनी दिवे सरकवत राहायचे, एका डोळ्यातली जोडी आणि दुसऱ्या डोळ्यातली जोडी हुबेहूब होईपर्यंत. मग दिव्यांमधलं अंतर पट्टीनं मोजायचं. आकाशातली, विकलांमधली गोष्ट खोलीतल्या इंचांत आणायची! कोनांसाठी मात्र त्याची भिस्त तारा ताणलेल्या मायक्रोमीटरवर होती.

आता निबंध. सूर्य, मोठा तारा, लहान तारा, या तिघांना हर्शल एकेक अक्षर देतो. आधी एकेकालाच हलवून बघतो, मग दोघादोघांना, मग तिघांनाही. फरक नुसत्या सरळ चालींनी समजावता येतो का? इथे वाचक कंटाळतो. मीही दर वेळी कंटाळतो. उलटतपासणी चालली आहे आणि साक्षीदार संपतच नाहीत असं वाटतं. पण हा माणूस स्वतःच्याच गृहीतकाविरुद्ध खटला चालवतोय हे लक्षात आलं की त्या पानांचा सूर बदलतो.

त्यातले दोन आकडे बघा. ५ नोव्हेंबर १७७९ला जोडीचा कोन ३२ अंश ४७ कला. २७ मार्च १८०३ला १० अंश ५३ कला. तेवीस वर्षांत बावीस अंशांचा फरक. एवढ्यावर कुणीही समाधान मानलं असतं. आणि इथे उसनवारी येते. राजज्योतिषी मॅस्केलाइनकडे १७५९चं एक टिपण होतं, जेम्स ब्रॅडली या खगोलनिरीक्षकाच्या निरीक्षणाचं: कॅस्टरच्या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ ही कॅस्टर आणि पोलक्सला जोडणाऱ्या रेघेला समांतर दिसते. त्यात कोनाचा आकडा नाही. पण कॅस्टर आणि पोलक्सच्या जागा तर ठाऊक आहेत! त्यावरून हर्शल १७५९चा कोन काढतो: ५६ अंश ३२ कला. ब्रॅडली १७६२लाच वारला होता. त्याच्या सहज नजरेनं त्रेचाळीस वर्षं १४२ दिवसांची मोजपट्टी तयार झाली. एकूण फरक ४५ अंश ३९ कला. त्रैराशिक मांडलं की पूर्ण फेरीला ३४२ वर्षं.

उत्तर चुकलं. कक्षा वर्तुळ नाही, वेग सारखा नाही. आज ही फेरी सुमारे ४६० वर्षांची धरतात. पण गुरुत्वाकर्षण सूर्यमालेबाहेरही चालतं याचा निरीक्षणातला पहिला भक्कम पुरावा याच चुकलेल्या त्रैराशिकाशेजारी आहे.

हे काम आपल्याकडेही झालं आहे. कॅप्टन विल्यम स्टीफन जेकबनं १८४२मध्ये पुण्यात खासगी वेधशाळा थाटून २४४ जोडताऱ्यांची यादी केली. मधे तो मायदेशी गेला; १८६२ला भारतात परतला आणि पुण्यातच वारला. शहरात त्याचं नाव घेणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

गेल्या माघात गच्चीवर तीन इंची दुर्बीण लावली. डायगोनल काढून ठेवला, त्यातला आरसा उजवं-डावं करतो म्हणून. शंभरपट वर्धनात कॅस्टर फुटला: दोन पांढरी टिंबं, मध्ये काळी फट. मग नुसत्या डोळ्यांनी पोलक्सकडे पाहिलं आणि पुन्हा आत. ब्रॅडलीला समांतर दिसलेल्या रेघा आता जवळजवळ काटकोनात आहेत. हर्शलच्या हिशेबानं तो जोड पूर्ण फेरी करून २१०१मध्ये जागेवर यायचा. आजच्या हिशेबानं येईल २२२०च्या आसपास.